लटकून पाहिलेले दांडे

विहिरीला कातळ लागला आणि घणांचे लाकडी दांडे पटापट फुटायला लागले. उन्हाळ्यानं लाकूड आधीच तडकून ठेवलेलं, त्यात खालचा दगड असा की घण उलट अंगावर यायचा. सकाळी बसवलेला दांडा दुपारी चुलीत, हा रोजचाच प्रकार झाला. खोदणाऱ्यांच्या मुकादमानं आधी सुताराला शिव्या घातल्या, मग झाडांना घातल्या, आणि तरीही दांडे टिकेनात तेव्हा तो मिस्तरींच्या शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

“तारेचे दांडे पाहिजेत. सगळ्या घणांना.”

मिस्तरींनी वेल्डिंगची काच डोळ्यांवरून वर सरकवली. “मिळतील. पण माझ्या उरावर बसायचं नाही. दांडा झाला की मी सांगेन झाला म्हणून.”

“तुम्ही लटकलात की आम्हाला मिळाला,” मुकादम म्हणाला आणि दोघंही हसले.

कोपऱ्यात तार सरळ करत बसलेली सून हसली नाही, कारण तिला सवडच नव्हती. तारेचं भेंडोळं तिच्या अंगाएवढं होतं, आणि तिचं अंगही काही लहानसहान नव्हतं. लग्नाच्या वेळी तिला बघून आल्यावर मिस्तरींनी घरी एवढंच सांगितलं होतं, “भरीव आहे, पोकळ नाही.” लोखंडात जन्म गेलेल्या माणसाची ती पसंतीच होती, पण गल्लीनं तेवढाच शब्द धरून ठेवला आणि ती सगळ्यांची भरीव झाली. नळावर भरीव, गिरणीत भरीव. नवरासुद्धा लाडात आला की तेच म्हणायचा. तिनं रागावणं कधीच सोडून दिलं होतं. फक्त भंगार मोजायच्या काट्यावर कुणी गमतीनं उभं राहा म्हटलं की ती कामाचं निमित्त काढून तिथून सटकायची.

तारेचा दांडा करणं म्हणजे किचकट काम. बोटाएवढ्या जाड तारा ठोकून सरळ करायच्या, तोडायच्या, बुडाच्या लोखंडी कड्याभोवती गोल उभ्या करून साच्यात आवळायच्या आणि जोडायच्या. मग मधोमध तापवून एक पीळ द्यायचा आणि वरचं टोक दुसऱ्या कड्याला जोडायचं. नळीचा दांडा केला तर घणाचा मार सरळ खांद्यात जातो, रात्री माणसाला हात उचलवत नाही. हा पिळाचा दांडा जरासा लवतो आणि अर्धा मार आपणच खातो. मिस्तरींनी तो स्वतःच्या डोक्यानं काढला होता आणि आसपास कुणाला तो जमला नव्हता. सगळी मेख बुडाच्या कड्यात होती. तिथं लोखंड वितळून एकजीव झालं नाही, तर वरून चकचकीत आणि आतून नुसतं चिकटवलेलं, असा जोड होतो. आणि डोळ्यांना तो कळत नाही.

म्हणून लटकणं. शेडच्या मागच्या भिंतीत एक जाड लोखंडी खुंट गाडलेला होता. दांड्याचं बुडाचं, घणाचं डोकं बसतं ते कडं त्यावर बसवायचं, आडव्या दांड्याचं टोक दोन्ही हातांनी धरायचं, पाय उचलायचे आणि झोका घ्यायचा. जोड कच्चा असला तर तिथंच तोंड उघडतो. आणि ज्यानं जोडला त्यानंच लटकायचं, हा मिस्तरींचा कडक नियम. “दुसऱ्याच्या हाडांवर आपलं काम तपासायचं नाही,” असं ते म्हणायचे. उमेदीच्या काळात ते चांगलेच दांडगे होते. कच्चा दांडा उघडला की धपकन खाली पडायचे, कंबर चोळत उठायचे आणि तोच दांडा पुन्हा साच्यात घालायचे. गावात कशाचीही खात्री द्यायची तर लोक “मिस्तरी लटकलेत” म्हणायचे, मग ती गाय असो की सोयरीक.

मुकादमाचं काम हातात घेतलं तेव्हा उन्हानं पत्रे तापलेले असायचे आणि दिवसा करंट मरतुकडा यायचा. वेल्डिंगचा रॉड लोखंडाला चिकटून बसायचा, मिस्तरी तो हिसकून काढायचे, करंटच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि पुन्हा लावायचे. सून जोडावरची खपली हातोडीनं ठोकून काढायची, कडा घासायची, दांडा त्यांच्या हातात द्यायची. ते खुंटाशी जायचे, लटकायचे, झोका घ्यायचे.

“झाला.”

पुढचा.

“झाला.”

एकही दांडा उघडला नाही. दरवेळी कामात एखाददुसरा तरी उघडायचाच, तो उघडला की सगळ्यांना हसायला निमित्त मिळायचं. या खेपेला सगळे पास झाले. “म्हातारपणी हात बसला म्हणायचा,” असं मिस्तरी खुशीत म्हणाले. हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळून होते, तेव्हापासून त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. सुनेला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच तिच्या डोक्यात दुसरा विचार आला नाही.

झालेले दांडे घणांना बसवून नवरा पहाटेच विहिरीवर घेऊन गेला. तो खाली पाचर धरायचा. म्हणजे कातळाच्या भेगेत लोखंडी पाचर उभी धरून बसायचं आणि डोक्यावरून दुसऱ्यानं घण घालायचा. हलायचं नाही, वर बघायचं नाही. त्याला ते जमायचं म्हणून सगळे त्यालाच बसवायचे.

शेडमध्ये काही दांडे उरले होते, पुढच्या खेपेचे. एक खुंटावर तसाच राहिला होता, मिस्तरींनी नुकताच लटकून पाहिलेला. ते हातपाय धुवायला मागच्या हौदाकडे गेले होते. सुनेला वरच्या फळीवरून रॉडचं पाकीट काढायचं होतं, आणि स्टुलावर तारेचं ओझं होतं. ती खुंटावरच्या दांड्याला एका हातानं धरून चवड्यांवर उभी राहिली, तरी हात पोचेना. मग तिनं दांड्यावर जोर देऊन अंग वर उचललं.

कट् असा आवाज आला आणि ती गुडघ्यांवर आदळली.

दांडा तिच्याच हातात होता. बुडाच्या कड्यातून निम्म्या तारा सुटून फाकल्या होत्या. तिनं जोडाच्या आत बघितलं. तिथं वितळल्याची खूणच नव्हती, खपलीचा काळा थर तेवढा होता.

गुडघा सोलवटला होता, पण तिकडं तिचं लक्ष नव्हतं. तिनं दुसरा दांडा खुंटावर चढवला. दाराकडे एकदा बघितलं, मग टोकाला धरून पाय उचलले. जन्मात ती तिथं लटकली नव्हती. दांडा लवला आणि टिकला. तिच्या जिवात जीव आला. तिसऱ्याला लटकली तेव्हा आधी कुरकुर ऐकू आली, मग कड्याजवळ एक तार सुटली, मग दुसरी, आणि तिनं पाय टेकले.

“काय करतेस?”

दारात सासू उभी होती, जेवायला बोलवायला आलेली. सुनेनं दोन्ही दांडे पुढं केले. सासूनं आधी दांड्यांकडे बघितलं, मग सुनेच्या अंगाकडे, आणि ती खालच्या तारेच्या भेंडोळ्यावर बसली.

“मामंजी याला लटकले होते. माझ्यासमोर,” सून म्हणाली. “दोन्हीला. झोका घेतला. काही झालं नाही.”

“नाही होणार,” सासू म्हणाली.

“म्हणजे?”

 सासूचा आवाज फार खाली गेला. “त्यांच्यात काय राहिलंय? हिवाळ्यापासून घास उतरत नाही घशाखाली. ताटातलं निम्मं मी त्यांच्या नकळत काढून घेते, म्हणजे त्यांना वाटतं संपवलं. दुपारी झोपले की शर्ट आत घेते. खांद्यातून, कुशीतून. आतापर्यंत किती वेळा घेतले मलाच आठवत नाही. आरशात बघायची त्यांना सवय नाही. शर्ट अंगाला बसतोय म्हणजे अंग आहे, असं धरून चालतात.”

सुनेला एकदम सगळं लख्ख कळलं. करंट मरतुकडा होता, जोड कच्चे पडणारच होते. लटकणारा माणूसच हलका झाला होता, म्हणून ते उघडले नव्हते. सगळे पास झाले होते ते त्यामुळं. आणि ते सगळे घण या घटकेला विहिरीच्या तळाला तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर उठत होते.

“त्यांना नको सांगूस,” सासूनं तिचं मनगट धरलं. “तुझ्या पाया पडते. कामावर उठून बसले म्हणून जगले ते. काहीतरी निमित्त सांग आणि दांडे परत आण. आपण करंट चांगला असेल तेव्हा पुन्हा जोडू, तू जोड, त्यांना कळणारही नाही.”

सुनेनं सायकल काढली.

विहीर गावाबाहेर होती. घणाचा आवाज शेडपासूनच ऐकू येत होता, ठण, मग थोडा वेळ काही नाही, मग ठण. आवाज येतोय तोवर नवरा जिवंत आहे, असा हिशेब तिच्या डोक्यानं आपणहून मांडला आणि मग तो काही केल्या जाईना. दोन आवाजांच्या मधली शांतता तिला सोसेना. ती पायडलवर उभी राहून सायकल मारत होती.

विहिरीच्या काठावर दगड वर ओढायची यारी उभी होती. तिच्या लोखंडी सांगाड्याला टेकून मुकादम दोर सोडत होता. तिनं आत डोकावलं. खाली तिचा नवरा उकिडवा बसला होता, मान खाली घातलेली, दोन्ही हातांत पाचर. त्याच्यासमोर उभा राहिलेला गडी घण उचलत होता. तारेचा नवा दांडा उन्हात चमकला आणि खाली आला.

“घण वर पाठवा,” ती मुकादमाला म्हणाली. “दांड्यांना रंग द्यायचा राहिलाय.”

“घणाला काय बोहल्यावर चढवायचंय? रंग राहू दे. तुम्ही तुमचं काम करा, आम्ही आमचं करतो.”

“गंज चढेल.”

“गंज चढायला पाणी लागतं, बाई. ते असतं तर आम्ही इथं कशाला मेलो असतो?” काठावरचे गडी हसले. एकजण म्हणाला, “भरीव, जरा लांबून उभी राहा, काठ ढासळेल.” आणखी हसू पिकलं.

ती मुकादमाच्या अगदी जवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “जोड कच्चे आहेत. सगळे नाहीत, पण काही आहेत. कुठला ते मला माहीत नाही.”

“जोड कच्चे?” मुकादमाला हळू बोलता येत नव्हतं. “मिस्तरींचे? मी स्वतः बघितलंय त्यांना लटकताना.”

खालचा घण थांबला. विहिरीतून नवऱ्याचा आवाज वर आला, घुमत. “कोण काय म्हणतंय?”

“तुझी बायको म्हणते तुझ्या बापाचा जोड कच्चा आहे.”

काठावरचं हसणं थांबलं. सून वाकून खाली बघत होती. नवऱ्यानं मान वर केली होती. त्याचा चेहरा दगडाच्या पिठानं पांढरा झाला होता, त्यामुळं त्याला काय वाटतंय ते तिला दिसेना.

“अहो, वर या,” ती म्हणाली. “मी सांगते सगळं. आधी वर या.”

“घरी जा.”

“अहो, ऐका तरी—”

“घरी जा म्हणतो ना. गावासमोर बापाची अब्रू काढायला आलीस?” तो पुन्हा उकिडवा बसला, त्यानं पाचर उभी धरली आणि घणवाल्या गड्याला म्हणाला, “हाण.”

घण पडला. 

मुकादम काही वाईट माणूस नव्हता. त्यानं टोपी मागंपुढं केली आणि तो म्हणाला, “हे बघ, सगळं गाव या भोकाकडं डोळे लावून बसलंय. तुझ्या सांगण्यावरून काम थांबवलं आणि दांडे चांगले निघाले, तर मिस्तरी मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत. त्यांनी येऊन सांगावं. ते म्हणाले थांब, तर मी दगडसुद्धा तसाच टांगता ठेवीन.”

परतीच्या वाटेवर घणाचा आवाज तिच्या पाठीमागून येत राहिला.

मिस्तरी जेवायला बसले नव्हते. ते शेडमध्ये उभे होते आणि दोन्ही तुटके दांडे त्यांच्या हातात होते. सासू दाराशी, तोंडावर हात धरून.

“हे कुणी केलं?” त्यांनी विचारलं.

“मी केलं, मामंजी.”

“कशानं मारलंस?”

“मारलं नाही. लटकले.”

“तू?” त्यांना राग यायला उशीर लागला नाही. “कुणी सांगितलं तुला लटकायला? माझा जोड, मी बघितलाय. तुला काय गरज होती नाक खुपसायची?” मग त्यांनी जोडाच्या आत बोट घातलं, काळं झालेलं बोट बघितलं. थोड्या वेळानं म्हणाले, “रॉड ओले असतील.”

“असतील.”

“करंट तर बघतेसच.”

“हो.”

“पण मग मी लटकलो तेव्हा का नाही उघडला?” हे त्यांनी तिला विचारलं नाही, दांड्याला विचारलं. लांबून ठण असा आवाज आला. सून दारात उभी होती. सांगायचं कसं? सासऱ्याच्या अंगाबद्दल सुनेनं बोलायचं, तेही असं? पुढचा ठण आला. त्याच्या पुढचा आलाच नाही.

ती कान देऊन उभी राहिली. काही नाही. सासूनंही तोंडावरचा हात काढला. पत्रा उन्हानं तडतडला, तेवढाच आवाज. भीतीनं सुनेची सगळी भीड एका झटक्यात गेली.

“तुम्ही हलके झालात, मामंजी,” ती म्हणाली. “तुमच्या वजनानं तो उघडत नाही. माझ्या वजनानं उघडतो. आणि हे खाली पाचर धरून बसलेत.”

मिस्तरींनी तिच्याकडे बघितलं. मग स्वतःकडे. शर्टाची पुढची बाजू दोन्ही हातांनी धरून ताणली. “हलका कसा होईन? हा शर्ट मला तेव्हाही एवढाच होता.”

“शर्ट मी आत घेतलेत,” सासू म्हणाली. “सगळे.”

त्यांनी एक बटण काढलं, कुशीची शिवण उलटी करून बघितली. आत कापडाची जाड घडी होती, टाक्यावर टाके घातलेली. घडी बोटांत धरून ते बराच वेळ उभे राहिले. रागावतील असं सुनेला वाटलं होतं, रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते फक्त बायकोला म्हणाले, “एवढं बारीक शिवलंस.” आणि सासू रडायला लागली.

तेवढ्यात लांबून पुन्हा ठण आला. गडी बदलला असेल, नाहीतर पाणी प्यायला थांबले असतील. सुनेनं चौकट धरून ठेवली होती, ती तिनं सोडली.

“सायकल कुठाय?” मिस्तरी म्हणाले.

ते मागच्या कॅरियरवर बसले. लग्नानंतर एकदा तिनं त्यांना असंच डबल सीट दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा चढावर तिला धाप लागली होती. आज मागं कुणी बसलंय हेच तिला कळत नव्हतं. खड्ड्यातून सायकल उडाली तेव्हा तिनं घाबरून मागं वळून बघितलं. ते होते. सीटखालचा दांडा घट्ट धरून, डोळे मिटून.

“समोर बघ,” ते म्हणाले.

विहिरीवर मिस्तरी सायकलवरून उतरले, काठाशी गेले आणि खाली बघत म्हणाले, “थांबवा.” मोठ्यानं नाही. पण मुकादमानं तो शब्द उचलून असा ओरडून खाली टाकला, की उचललेला घण तिथंच थांबला आणि गड्यानं तो हळू खाली ठेवला. घण यारीच्या दोराला बांधून वर आले. मागून माणसं आली, शेवटी नवरा. त्यानं बायकोकडे बघितलंही नाही.

“बाबा, तुम्ही कशाला आलात उन्हाचे?”

“माझे जोड कच्चे आहेत.”

“तुम्ही लटकला होतात.”

“लटकलो होतो,” मिस्तरी म्हणाले. गडी गोलाकार उभे होते आणि सगळे ऐकत होते. “त्याला अर्थ नाही. माझ्या अंगात काही राहिलेलं नाही. माझ्यासारखे दोघं लटकले तरी तो उघडायचा नाही. मला ते कळलं नाही, आणि मी झाला म्हणून सांगितलं. चूक माझी.”

 मुकादमानं टोपी काढली आणि ती कुठं ठेवावी ते त्याला सुचेना. त्याला त्या माणसाची दया आली, आणि दयेपोटी तो वाटेल ते बोलून गेला. “मिस्तरी, एवढं काही नाही. आम्ही दोरीनं आवळून घेऊ. सकाळपासून चाललेत की, कुठं काय झालं?”

“आवळून?” मिस्तरी म्हणाले. “आणि खाली पाचर धरून तू बसणार का?”

मुकादमानं टोपी पुन्हा घातली.

“सगळे आत्ताच्या आत्ता बघायचे. यारीच्या सांगाड्यात घण अडकवा. पक्का अडकवा, हलायला नको.” मग ते सुनेकडे वळले. “तू लटक.”

नवरा मध्ये पडला. “मी लटकतो, बाबा. इथं सगळ्या गड्यांपुढं ती काय—”

“ज्यानं जोडायचं त्यानं लटकायचं. पुन्हा जोडायचेत हे सगळे, आणि माझा हात कापतो. आजपासून जोडणार ती. मी शेजारी बसून सांगेन.” ते थांबले. “तिनं उघडले म्हणून तू वर आलास. तिच्याशी आवाज चढवून बोललास, ते सायकलवर येताना तिनं मला सांगितलं नाही. ते मला तुझ्या तोंडावर दिसतंय.”

नवऱ्यानं मान खाली घातली.

सून सांगाड्यापाशी गेली. सगळं गाव तिच्या अंगाकडं बघून हसत आलं होतं, आणि आता तेच अंग मध्यभागी आणून टांगायचं होतं. कान तापले होते. तिनं कपडे नीट खोचून घेतले, हात मातीत घासले आणि दांड्याचं टोक धरलं. लांबून उभी राहा म्हणणारा गडी दुसरीकडं बघायला लागला. तिनं पाय उचलले.

पहिला टिकला. तिनं झोका घेतला, तरी टिकला. दुसराही टिकला. मुकादमाच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मग तिसरा घण अडकवला. त्याच्या दांड्याला दगडाचं पीठ चिकटलेलं होतं, सकाळपासून तोच चालला होता. ती लटकली. एक क्षण काही झालं नाही. तिनं झोका घेतला, कट् झालं आणि ती दांड्यासकट मागच्या मागं दगडांवर पडली. घणाचं डोकं कडं आणि दोन वाकड्या तारा घेऊन सांगाड्यात राहिलं.

कुणी हसलं नाही. नवरा त्या डोक्याकडे बघत होता. त्याचा हात आपोआप स्वतःच्या मानेमागं गेला आणि तिथंच राहिला.

सुनेला कंबरेतून कळ आली होती, लगेच उठवेना. मिस्तरी तिच्यापाशी आले, दांड्याकडे न बघता वाकले आणि त्यांनी हात पुढं केला. तिनं तो धरला. त्यांनी ओढलं. तिला नुसती त्यांची बोटं लागली, ओढ लागलीच नाही. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली, ओठ घट्ट मिटले, पण ती जागची हलली नाही. सगळे बघत होते. मग तिनं त्यांचा हात तसाच धरून ठेवला, दुसरा कोपर मागं दगडावर रोवला आणि स्वतःच्या जोरावर अंग उचलायला लागली, असं की बघणाऱ्याला वाटावं, त्यांनीच तिला उठवलं.

मिस्तरींना ते कळलं.

“सोड हात,” ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “तुला उठवणं माझ्यानं होत नाही. तुझी तू ऊठ.”

तिनं हात सोडला. दोन्ही तळवे टेकून ती उठली आणि तिनं पाठीमागची माती झटकली. मिस्तरी बाजूच्या दगडावर बसले आणि मुकादमाला म्हणाले, “पुढचा लाव.”